कागद ओला असेपर्यंत

दुपारी खिडकीशी बसून मी जलरंगात आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, देत होते. भाची शेजारीच तिची वही घेऊन बसली होती, पण तिचं लक्ष वहीत नव्हतं. बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि मग एकदम म्हणाली, "मावशी, चित्र काढताना तू श्वासच घेत नाहीस." मी म्हटलं, "घेते की गं." "नाही घेत. मी मघापासून बघतेय. ब्रश कागदावर असला की तुझे खांदे हलतच नाहीत. ब्रश उचलला की मग एकदम मोठ्ठा श्वास सोडतेस." एवढं सांगून ती आपल्या कामाला लागली. मुलं असंच करतात, खडा टाकून मोकळी होतात. मी मात्र पुढचा पट्टा ओढायला ब्रश टेकवला आणि माझ्या लक्षात आलं, खरंच श्वास थांबलाय. छातीच्या वरच्या भागात कुठेतरी तो अडवून धरलाय. एकदा ते जाणवल्यावर हात बिचकला आणि वॉशच्या खालच्या कडेला रंग साचून राहिला.

तिचं ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या मागे लागलं. कारण "तू एवढा वेळ काय करत बसतेस?" असं कोणी विचारलं की "हेच माझं ध्यान" असं उत्तर मी देत आले आहे, आणि ते मनापासून देत आले आहे. ध्यान शिकवणारा कोणीही माणूस सुरुवात श्वासापासून करतो. श्वास सोडा, श्वास घ्या, त्याच्याकडे बघत राहा. तो संथ झाला की मन संथ होतं, हे इतक्यांदा ऐकलेलं की त्यावर शंका घ्यावीशीच वाटत नाही. मग ज्या कामात माझा श्वास चक्क अडकतो, ते काम मला शांत कसं करतं? की करतच नाही, आणि मी फक्त तसं मानून चालले आहे?

पहिली गोष्ट म्हणजे, चित्राला बसल्या बसल्या शांतता येते हे खोटं आहे. निदान माझ्यापुरतं तरी. कागद बोर्डवर चिकटवला, पाण्याचं भांडं भरलं, रंगांवर पाण्याचे थेंब टाकून ते भिजत ठेवले, की आत जो कोलाहल सुरू होतो तो एरवीच्या दिवसभरात नसतो. राहून गेलेला फोन आठवतो. कोणीतरी कधीतरी टाकलेलं टोचणारं वाक्य आठवतं, आणि त्यावर तेव्हा न सुचलेलं उत्तर आता सुचतं. आणि कोऱ्या कागदाची स्वतःची एक दहशत असतेच. हा वेळ मी कुणाकडून तरी काढून घेतला आहे, बंद दाराच्या पलीकडे घरातली कामं कोणीतरी दुसरं उरकतं आहे, ही टोचणीही असते. ती आजही गेलेली नाही आणि ती जावी असंही मला पूर्ण वाटत नाही. स्वतःसाठी काढलेल्या वेळेची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजलेली असते, याची आठवण राहिलेली बरी. पण हे सगळं डोक्यात घेऊनच ब्रश उचलावा लागतो. मन निवळेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर एकही चित्र सुरू होणार नाही.

मग पाणी ताबा घेतं.

जलरंगाची हीच गोष्ट मला तैलरंगापेक्षा अधिक जवळची वाटते. त्याचं घड्याळ आपल्या हातात नसतं. कागद पाण्याने भिजवला की तो आरशासारखा चमकतो. त्या अवस्थेत टाकलेला रंग वाटेल तिकडे पळतो आणि त्याला आकार राहत नाही. थोड्या वेळाने चमक मंदावते, पृष्ठभाग रेशमी दिसायला लागतो. ढगांच्या मऊ कडा हव्या असतील तर हीच वेळ. आणखी थोडा वेळ गेला की चमक पूर्ण जाते, पण कागद आतून ओलाच असतो. ही सगळ्यात फसवी अवस्था. इथे हात आवरला नाही आणि जास्त पाण्याचा ब्रश टेकला, तर ते पाणी आधीच्या रंगाला ढकलत बाहेर पसरतं आणि फुलकोबीसारख्या दातेरी कडांचा डाग उमटतो. तो पुढे काही केल्या पुरता जात नाही. त्यामुळे जलरंग शिकणं म्हणजे मोठ्या प्रमाणात थांबायला शिकणं. कागद तिरका धरून उजेडात बघायचं, चमक कुठे आहे आणि कुठे गेली ते पाहायचं, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन गारवा जाणवतो का ते बघायचं. गारवा आहे म्हणजे पाणी अजून उडतं आहे. केस वाळवायचं यंत्र लावून कागद झटपट सुकवणारे पुष्कळ जण आहेत. प्रात्यक्षिक दाखवताना त्याला इलाज नसेल, पण एकट्याने काम करताना ते वापरणं मला पटत नाही. त्या यंत्राने जी मिनिटं वाचतात, नेमकी तीच मला हवी असतात.

त्या मिनिटांत करण्यासारखं काही नसतं, आणि तरी जागेवरून उठता येत नाही. रिकामं बसणं म्हणावं तर तसंही नाही, कारण डोळे कागदावर खिळलेले असतात. अल्ट्रामरीन निळा सुकताना बघत राहावा असा असतो. त्याचे कण जड, ते पाण्यातून खाली बसतात आणि खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन साचतात. आधी सपाट वाटणारा निळा मग दाणेदार होत जातो. त्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळलेला असेल तर दोन रंग सुकता सुकता एकमेकांपासून किंचित सुटतात. लांबून करडा दिसणारा पट्टा जवळून पाहिला की त्यात निळे आणि तांबूस कण वेगवेगळे दिसतात. ट्यूबमधल्या तयार करड्यात हे सहसा होत नाही. हे बघताना डोक्यातला आवाज केव्हा खाली गेला ते कळत नाही. गेल्यावर लक्षात येतं, आणि लक्षात आलं की बहुतेकदा तो परत येतो.

दुसरं काहीतरी बघण्यात घडतं. समोर एक साधा पांढरा कप ठेवला आणि तो रंगवायला घेतला, तर सुरुवातीला हात कप काढत असतो. म्हणजे, कप कसा असतो हे डोक्याला आधीच ठाऊक असतं आणि हात ते लिहून काढतो. काठाचा लंबगोल, कान, तळ. ते चित्र बरोबर असतं, पण त्यात जीव नसतो. बराच वेळ बघत राहिलं की मग कुठेतरी कप सुटतो. उरतो तो डावीकडचा उबदार पांढरा, उजवीकडचा निळसर पांढरा, त्या दोघांच्या मधली न दिसल्यासारखी सीमा, आणि सावलीच्या पोटात शिरलेला टेबलाचा पिवळा. त्या क्षणी "कप" असं कोणी म्हटलं तरी ते दूरवरून ऐकू येतं. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांडी यांनी बोलोन्यातल्या आपल्या घरात, त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे घेऊन आयुष्यभर चित्रं केली. 1890 ते 1964 असं आयुष्य, दोन महायुद्धं पाहिलेलं, आणि टेबलावर मात्र पाच-सहा वस्तू. त्यातली एक इंचभर सरकवायची आणि पुन्हा सुरुवात करायची. काही बाटल्यांवर ते आधी रंग चढवत, म्हणजे काचेची चमक आणि लेबलं मध्ये येऊ नयेत. पूर्वी मला ती चित्रं बघून कंटाळा यायचा. आता वाटतं, त्या माणसाला बाटल्यांमध्ये रस नव्हताच. बघण्याला रोज नवं काही पुरवावं लागत नाही, हे त्याला कळलं होतं.

आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंडे. त्यांच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की आणखी भर घालताना संकोच वाटतो, पण या विषयात त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे, आणि वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पूर्ण करायचे. त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा नुसता एक रंग दिसतो. मग डोळे सरावले की त्या रंगाच्या खालून दुसरा उजेड वर येतो आणि खुणा तरंगायला लागतात, त्यांना नाव देता येत नाही. 1984 च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांनी कॅनव्हास रंगवले नाहीत, कागदावर शाईची छोटी कामं केली. लोक त्यांच्या एकांताविषयी, मितभाषीपणाविषयी बोलतात. मला त्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त जाणवतं ते हे, की त्यांच्या दिवसाचा मोठा भाग कॅनव्हासवर काहीच न घडण्यात जात असणार, आणि ते त्यांना चालत होतं. अ‍ॅग्नेस मार्टिन या अमेरिकन चित्रकर्तीनेही 1967 मध्ये न्यूयॉर्क सोडलं आणि पुढची काही वर्षं चित्रच काढलं नाही. नंतर न्यू मेक्सिकोत राहून पुन्हा सुरुवात केली. सहा फूट बाय सहा फुटांचा चौरस, त्यावर पेन्सिलीच्या समांतर रेषा आणि अतिशय फिके रंग. जवळ गेलं की दिसतं, कॅनव्हासच्या विणीवरून जाताना प्रत्येक रेषा बारीक थरथरली आहे. ती थरथर मला फार आवडते. रेषा सरळ ठेवण्याचा प्रयत्न आणि हात माणसाचा असणं, दोन्ही त्यात आहे.

मार्टिन यांना स्किझोफ्रेनिया होता, हेही इथेच सांगायला हवं. चित्रं इतकी निवांत आहेत म्हणजे ती काढणारी बाईही निवांत असणार, असं आपण धरून चालतो. चित्रकार मार्क रॉथ्को यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधल्या एका प्रार्थनास्थळासाठी 14 मोठे कॅनव्हास केले, जांभळट, काळपट, जवळजवळ निःशब्द. आज जगभरातून माणसं तिथे जाऊन नुसती बसतात. ते स्थळ 1971 मध्ये खुलं झालं. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत रॉथ्को यांनी आत्महत्या केली होती. ज्या चित्रांसमोर बसून इतरांना आधार मिळतो, ती चित्रं काढणाऱ्याला तो पुरला नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, कुणाचा ते कळलं नव्हतं. चित्रकलेला औषध म्हणून विकणाऱ्या गोड बोलण्यावर माझा विश्वास तेव्हापासून उडाला. मन आजारी असेल तर उपचार घ्यावेत, माणसांशी बोलावं. रंगांच्या खांद्यावर एवढं ओझं टाकू नये. रंग जे देतात ते खरं असतं, पण ते ज्या वेळी देतात त्या वेळेपुरतंच असतं.

एकदा घरात जोराचं भांडण झालं आणि मी तशीच येऊन चित्राला बसले. मनात हेच होतं की आता रंग मला शांत करतील. त्यांनी केलं नाही. ब्रश कागदावर घासला जात होता, पाणी कमी पडत होतं, रंग कोरडे आणि खडबडीत उतरत होते. पण तासाभराने कागदाकडे बघितलं तेव्हा आतला राग बाहेर मांडून ठेवलेला दिसला. तो निवळला नव्हता. मी त्याच्यात बुडालेली होते ती काठावर आले होते, एवढंच. तो कागद मी ठेवलेला आहे. चित्र म्हणून त्यात बघण्यासारखं काही नाही, पण त्या कोरड्या फटकाऱ्यांइतकी प्रामाणिक गोष्ट माझ्या हातून क्वचितच झाली असेल.

मिहाय चिक्सेंटमिहाय हे मानसशास्त्रज्ञ 1960 च्या दशकात शिकागोत चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण करत होते. त्यांना एक गोष्ट नवलाची वाटली. चित्र चालू असेपर्यंत ही मुलं तहानभूक विसरून काम करत, आणि चित्र पूर्ण झालं की ते भिंतीला टेकवून ठेवत आणि त्यातला त्यांचा रस संपून जाई. बक्षीस, पैसा, कौतुक यांपैकी काहीच नसताना माणूस इतका रमतो तो कशात, या प्रश्नातून त्यांचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. मला ते भिंतीला टेकवलेले कॅनव्हास डोळ्यांसमोर दिसतात. कारण मला नेमकं तेच जमत नाही. चित्र संपत आलं की मला ते कुणाला तरी दाखवायचं असतं. फोनमध्ये फोटो काढून दोन-चार जणांना पाठवायचा असतो, आणि तो पाठवायचा विचार कधीकधी शेवटचे थर देण्याच्या आधीच येतो. तो आला की चित्र माझ्या हातातून निसटतं. त्या क्षणापासून प्रत्येक फटकारा कुणाच्या तरी डोळ्यांनी बघून मारलेला असतो. आता मी रंगवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. दाखवण्यात वाईट काही आहे असं मला वाटत नाही. कौतुक मलाही हवं असतं. पण कागद ओला असताना मला तिथे दुसरं कोणी नको.

आता श्वासाविषयी. भाचीने सांगितल्यापासून मी लक्ष ठेवायला लागले, आणि दिसलं ते असं, की श्वास सगळा वेळ थांबत नाही. रंग मिसळताना तो चालू असतो. कागदाकडे बघत थांबलेली असताना तर तो इतका सावकाश चालतो की एरवी मुद्दाम ठरवूनही तेवढा होत नाही. थांबतो तो फक्त कडेवर. छपराची रेघ आकाशातून कापून काढायची असते तेव्हा, किंवा सावलीचं टोक जिथे उजेडात विरघळतं तिथे. याचं साधं शारीरिक कारण आहे. श्वास घेताना छाती हलते, छातीबरोबर खांदा, आणि खांद्याबरोबर हात. नेमबाजही श्वास सोडून झाल्यावर, पुढचा आत घेण्याआधीच्या त्या छोट्या विसाव्यात चाप ओढतात. दूरचा बारीक आवाज ऐकायचा असला की आपणही नकळत श्वास धरतोच. म्हणजे शरीर घाबरलेलं असतं म्हणून थांबत नव्हतं. ते कान देऊन ऐकत होतं.

हे कळल्यावर मला बरं वाटलं, आणि थोडं हरवल्यासारखंही झालं. कारण तोवर शांतता म्हणजे सैल होणं, निवांत होणं अशी काहीतरी माझी समजूत होती, आणि चित्रात मला जे मिळतं ते तसं नाही. ते ताणलेलं आहे. त्यात मान दुखते, डोळे चुरचुरतात, पाय मुंग्या येऊन बधिर होतात आणि त्याचा पत्ता उठल्यावर लागतो. जपानमधले झेन साधक एका दमात एक वर्तुळ काढतात, शाईचं. कागद शाई लगेच पितो, त्यामुळे दुरुस्तीला जागा नसते. ते वर्तुळ बघताना आपण त्याची प्रसन्नता बघतो. पण कुंचला टेकण्याआधीच्या क्षणी त्या साधकाच्या अंगात जे एकवटलेलं असेल, त्याला निवांतपणा म्हणता येईल असं मला आता वाटत नाही. मन तिथे रिकामं नसतं. ते एका जागी पूर्ण भरलेलं असतं, इतकं की दुसऱ्या कशाला आत शिरायला वाव राहत नाही.

चित्रकार सय्यद हैदर रझांच्या लहानपणची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. मंडला जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेत या चंचल मुलाला शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याकडे बघत राहायला सांगितलं. पुढे 1950 मध्ये ते फ्रान्सला गेले, निसर्गचित्रं केली, नाव झालं. आणि 1980 च्या सुमारास, साठीच्या उंबरठ्यावर, तो ठिपका बिंदू होऊन त्यांच्या कॅनव्हासच्या मधोमध आला आणि शेवटपर्यंत राहिला. ही गोष्ट सांगताना लोक बिंदूच्या तत्त्वज्ञानाकडे वळतात. मला मात्र त्या शिक्षकांचं कौतुक वाटतं. सैरभैर पोराला त्यांनी "शांत बस" असं सांगितलं नाही. बघायला काहीतरी दिलं, आणि तेही इतकं लहान, की नजर आणखी कुठे जाऊच नये.

"मला चित्रकला येत नाही, मग मला याचा काय उपयोग?" असं विचारणारे अनेक भेटतात. चित्रकला येणं आणि हे मिळणं यांचा फारसा संबंध नाही असं मला मनापासून वाटतं. उलट हात सफाईदार झाला की तो न बघताही चालायला लागतो आणि मग हे हरवतं. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा अभ्यास आहे. 39 प्रौढ माणसांना त्यांनी पाऊण तास माती, मार्कर, कोलाजचं सामान देऊन हवं ते करायला सांगितलं आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे 75 टक्के जणांमध्ये ते उतरलेलं आढळलं, आणि आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फारसा फरक पडला नाही. 39 माणसांवरून फार मोठं काही ठरवता येत नाही, पण अनुभवाने फरक पडला नाही हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते. एकच रंग घ्या, शक्यतो अल्ट्रामरीन. काही काढायला जाऊ नका. बोर्ड किंचित तिरका ठेवा, वर गडद रंगाचा एक आडवा पट्टा ओढा, त्याच्या खालच्या कडेला साचलेला ओघळ पुढच्या पट्ट्यात ओढून घ्या, दर पट्ट्याला ब्रशमध्ये थोडं पाणी वाढवा, आणि तळाला पोहोचेपर्यंत निळा पूर्ण फिका होऊ द्या. मध्ये थांबू नका, मागे जाऊन काही सुधारू नका. मग ते सुकेपर्यंत तिथून उठू नका. सुकल्यावर रंग ओला होता त्यापेक्षा फिका दिसेल, ते अपेक्षितच आहे. आणि कागद मात्र जाड घ्या, 300 जीएसएमचा. पातळ कागद पाणी पडताच फुगतो, आणि मग सगळं लक्ष त्या फुगवट्यांशी झगडण्यात जातं.